बाळासो म्हणून लावलेली वेल

मी न्हाणीमागची द्राक्षवेल बोलतेय. वर बघून घोस शोधू नका. सुकलेल्या खोडाला काय लागणार, कपाळ!

माझी जात शार्दोने. मूळ गाव फ्रान्समधल्या बर्गंडीकडे. बाप पिनो, काळ्या द्राक्षांचं बडं घराणं. आई ग्वे, गरिबाच्या बांधावरची पांढरी वेल. तिकडचे जमीनदार तिला उपटून टाकायचे. स्वभावानं मी साधी. फळ बारीक, साल पातळ, आत बियाच बिया. ज्या मातीत राहीन, ज्याच्या हाती पडेन, त्याची चव घेते. माझ्या रसाची पांढरी दारू करतात, आणि तिकडे ती म्हाताऱ्या बायासुद्धा जेवताना घेतात. हे इकडे सांगायची सोय नव्हती.

इटलीतल्या एका मळ्यात मी वाढत होते. दुसरं महायुद्ध संपता संपता तिथं पलटणीतून कसबा बावड्याचे दोन भाऊ आले, आकाराम आणि धाकटा बाळासो. बाळासोला आमच्या बांधावरच गोळी लागली. मायदेशी निघायच्या आधी आकाराम पुन्हा तिथं आला, माझी एक काडी तोडली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि सेहेचाळीस साली आईच्या, अंबूबाईच्या हातात दिली.

"आये, ह्यो बाळासो जिथं पडला तिथली हाय," एवढंच तो बोलला. माझ्या रसाचं काय करतात, ते गिळून बसला. त्याला इलाज नव्हता. अंबूबाईचा नवरा दारूपायी मेलेला. पलटणीत धाडताना तिनं दोन्ही पोरांकडून बेलभंडार उचलून घेतला होता, थेंबाला शिवणार नाही म्हणून.

तिनं मला न्हाणीच्या पाटाशी लावलं. आंघोळीचं, धुण्याचं सगळं पाणी मला. मी वेल, बाईची जात. पण अंबूबाईनं मला बाळासो करून टाकलं. "बाळासो, प्याला का रं पानी?" म्हणायची, आणि मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू!

पण मला दरसाल छाटावं लागतं. कात्री लागली की नवी फूट, आणि नव्या फुटीलाच घोस. आकाराम कात्री घेऊन आला की ही आडवी व्हायची.

"माझ्या पोराच्या अंगाला हत्यार लावतूस? मुडद्या, लाज न्हाय तुला?"

सहा वर्षं मी नुसती पानं वाढवली. बायका हसायच्या, "अंबूबाई, तुमचा बाळासो वांझोटा हाय की!" ती एकटीच माझ्याजवळ येऊन रडायची. तिला एकच ध्यास होता, मरायच्या आत बाळासोच्या हातचं म्हणून माझं एक फळ खायचा.

सातव्या वर्षी दसऱ्यानंतर ती नृसिंहवाडीला सप्ताहाला गेली आणि आकारामनं मला छाटलं. परत येऊन तिनं असा टाहो फोडला की आळी जमली. लेकाशी बोलणं टाकलं ते पाच महिने. फाल्गुनात माझ्यावर एकवीस घोस लागले, तेव्हा तिनं आपण होऊन त्याला हाक मारली, "आका, ये की रं. बघ तुझा भाऊ."

पहिला घोस देवाला गेला. दुसरा तिनं स्वतःसाठी काढला, पदरानं पुसला. तेवढ्यात दारात शिदोबा आला, पलटणीतला आकारामचा जोडीदार. भला माणूस, पण जिभेला हाड नाही.

"आरं तिच्या! ही तर त्या मळ्यातली दारूची द्राक्षं की! आकाराम, आठवतंय का? शेवटच्या सांजंला बाळासोनं हिचाच गिलास मारलाता. काय हसत हुता गडी!"



"खरं हाय?" अंबूबाईनं आकारामला विचारलं.

"व्हय, आये. थंडी लई हुती. येकच गिलास."

तिनं घोस उकिरड्यावर टाकला. एक मणीसुद्धा तोंडात घातला नव्हता. उरलेले घोस पाखरांनी नेले. मला वाटलं, आता कुऱ्हाड येणार. कुऱ्हाड आली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पाटात दगड घातला, पाणी पलीकडे वळवलं आणि तिथं अळू लावलं.

एक पोर हसत मेलं, हे ऐकून आईला राग यावा! काय म्हणावं या माणसांना? शपथ मोडली ती त्यानं, आणि घसा कोरडा पडला तो माझा.

खाली सगळा मुरूम आहे. मागच्या पावसाळ्यात चार पानं आली, ती गेली. हा दुसरा वैशाख. काल आकाराम तांब्या घेऊन आला तर ती पायरीवरून ओरडली, "ठेव त्यो तांब्या!"

"आये, मरंल की ती."

"मरू दे. मी काय हत्यार लावलंय व्हय त्येला?"

बाई, हत्यार लाव गं! हत्यारानं मी फुटते.

आज सकाळी घरात कोणी नव्हतं. ती धुणं टाकून आली आणि माझ्या खोडाला धरून उभी राहिली. "येकच गिलास व्हय रं?" म्हणाली. तिचा हात धुण्यानं ओला होता. तेवढं पाणी मी ओढून घेतलं. मग ती गेली, आणि तिनं बादली अळवावर ओतली.