बासष्ट जणांचा बिंगो

रोझेमा तुर्कोत एक्याऐंशी वर्षांची झाली होती, आणि त्यातली तेहेतीस वर्षं दर मंगळवारी चर्चच्या तळघरात बिंगो चालवण्यात गेली होती. ला-फुर्श गावात नगराध्यक्ष सहा झाले, पाद्री चार आले नि गेले, कागदाची गिरणी बंद पडली, पण मंगळवार चुकला नाही. बिंगोच्या पैशातून गावातल्या एकट्या म्हाताऱ्यांच्या दारात हिवाळ्याची लाकडं पडत. "माझ्या बिंगोकडे कुणी बोट दाखवून बघावं," असं ती म्हणायची. कुणी दाखवत नसे. बोट शाबूत राहील याची खात्री नव्हती.

खेळाआधी ती वहीतून नावं वाचायची. ज्याचं नाव, त्यानं "आहे" म्हणायचं. एका हिवाळ्यात निम्मं गाव तापानं पडलं, तेव्हा शेजारणीच्या वतीनं शेजारीण "आहे" म्हणायला लागली आणि तिचंही कार्ड खेळायला लागली. जिंकली तर बक्षीस तिच्या घरी पोचवायची. पद्धत चांगली होती म्हणून राहिली. मग माणसं ताप नसतानाही यायची थांबली. कुणी मुलांकडे शहरात गेलं, कुणी वृद्धाश्रमात, कुणी टेकडीवरच्या कबरस्तानात. पण नाव पुकारलं की कुणीतरी "आहे" म्हणायचंच. नाव खोडायचं कुणी? रोझेमानं तरी नाही खोडलं. आणि पालिकेत दर महिन्याला जो कागद जायचा, त्यात 'खेळणारे किती' या रकान्यात ती बासष्ट लिहायची. पैशांचा हिशेब सेंटासेंटाला चोख होता. वहीत बासष्ट नावं होती, बासष्ट वेळा "आहे" ऐकू येत होतं. तिच्या लेखी त्यात खोटं काय?

जानेवारीत ती परवाना नवा करायला पालिकेत गेली, तेव्हा तिथली कारकून मिरेय हिनं तिच्यासमोर नवा मसुदा सरकवला.

"मावशी, फी बदलतेय. बक्षिसांच्या तीन टक्के घ्यायचो ते बंद. लोक बक्षिसं कमी दाखवतात. आता माणसांवर फी. पन्नासच्या वर असतील तर दर खेळाला नव्वद डॉलर, पंचवीसच्या आत पाच. मधल्यांना चाळीस."

"नव्वद? अगं, एका मंगळवारी हातात शंभर उरतात माझ्या. दहा डॉलरात लाकडं येतात का काडेपेटी?"

मिरेयनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मावशी, माझी आजी येते ना तुमच्याकडे. मला माहीत आहे किती जण असतात ते. बुधवारी दुपारी पालिकेची सभा आहे. तिथं उभं राहून खरा आकडा सांगा. नोंद होईल, पाच डॉलरात सुटाल."

"म्हणजे मी खोटं लिहिते?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंस. भुवईनं म्हटलंस."

घरी येऊन तिनं सूप गरम केलं आणि गॅससमोर उभ्यानंच खाल्लं. बासष्ट म्हणावं तर ईस्टरच्या आत बिंगो बंद पडणार. खरं सांगावं तर रोझेमाकडे आता कुणी येत नाही हे सगळ्या गावाला कळणार, आणि पहिल्यांदा कळणार लिझेट पोमेर्लोला. लिझेट अग्निशमन दलाचा शुक्रवारचा बिंगो चालवायची आणि वर पालिकेची सदस्यही होती. बुधवारपर्यंत रोझेमानं तेच तेच चघळलं. बोलायला घरात कुणी नव्हतं, म्हणून स्वतःशीच भांडली आणि दोन्ही बाजूंनी हरली.

बुधवारी उणे तीस अंश थंडी होती. तिच्याबरोबरचं कुणी आलं नाही. येणार तरी कसं, एकाच्या गुडघ्यात वाटी नवी, दुसरीच्या डोळ्यात मोतीबिंदू. ती एकटीच बर्फ तुडवत गेली, केस बांधून, नवऱ्याच्या दफनाला घातलेला काळा कोट घालून.

नगराध्यक्ष गेताँ ब्रिसेत गोड बोलला. "मावशी, हिशेब करा. बासष्ट माणसं, नव्वद डॉलर. डोक्यामागं दीड डॉलरसुद्धा होत नाही."

"डोकी मोजायला आम्ही काय गुरं आहोत?"

लिझेट हसली. "बासष्ट म्हणजे शुक्रवारी आमच्याकडेही येत नाहीत बाई. त्या तळघरात बसवतेस कुठं? एकमेकांच्या मांडीवर?"

लोक हसले. रोझेमाला उत्तर सुचलं होतं, चांगलं झणझणीत, लिझेटच्या नवऱ्यापर्यंत पोचणारं. ते तिनं गिळलं. उत्तर दिलं असतं तर बासष्ट हा आकडा तसाच उभा राहिला असता.

"लिही गं मिरेय," ती म्हणाली. "नऊ."

"नऊ काय, मावशी?" गेताँनं विचारलं.

"माणसं. मला धरून नऊ."

खोलीतलं हसू विझलं. गेताँनं कागदाकडं पाहिलं. "आणि बाकीचे?"

"आठ मुलांकडे शहरात. सहा वृद्धाश्रमात, त्यातल्या दोघी मला ओळखत नाहीत. एकोणचाळीस टेकडीवर." तिनं वही उघडली नाही, सगळं पाठ होतं. "चौथं नाव तुझ्या आईचं आहे, गेताँ. ब्लांदीन ब्रिसेत. अकरा वर्षं तिचं कार्ड मी खेळते. आठ वेळा जिंकली. तिच्या बक्षिसाची लाकडं तुझ्या सख्ख्या मावशीच्या घरी जातात, विचार तिला."

गेताँ चष्मा काढून पुसत बसला. लिझेटही टेबलाकडं बघत राहिली, आणि तिनं टेबलाकडं बघितलेलं रोझेमाला मुळीच आवडलं नाही. टोमणा परवडला असता.

ठराव दोन मिनिटांत झाला. रोझेमाच्या बिंगोला पाच डॉलर. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "कशाच्या टाळ्या?" ती म्हणाली. "मी काय डोंबारीण आहे?" बाहेर पडताना दोघांनी गाडीनं सोडतो म्हटलं, एक जण तर मंगळवारी नक्की येतो म्हणाला. "स्वतःच्या पैशानं कार्ड घ्यायचं," तिनं बजावलं, आणि तो येणार नाही हे तिला तो बोलत असतानाच कळलं.

घरी येऊन कोटही न काढता ती फोनजवळ बसली. बातमी सांगायला हवी होती. पूर्वी एकीला सांगितलं की ती दुसरीला सांगायची, आणि फिरत फिरत तीच बातमी तासाभरानं तिखटमीठ लावून रोझेमाकडेच परत यायची. आता आठच फोन. एकजण झोपला होता. दोघींनी "बरं झालं" म्हणून लगेच ठेवला, टीव्हीवर काहीतरी चालू होतं. पंधरा मिनिटांत सात झाले.

शेवटची अर्मांद. मिरेयची आजी, नव्वदीची, कानानं बहिरी.

"अर्मांद! आपलं झालं! पाच डॉलर!"

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही!"

"हळू बोल, कळत नाही. कुणाचं दफन? कधी?"

"कुणी मेलं नाही गं, अर्मांद! सगळे आहेत! नऊच्या नऊ!"

मग अर्मांदनं विचारलं, "मग फोन कशाला केलास?"

"असाच," रोझेमा म्हणाली. अर्मांदला तेही ऐकू गेलं नसावं, पण तिनं फोन ठेवला नाही. मग रोझेमानंही ठेवला नाही.