फरशी पास, पटाशी नापास

मित्रांनो, मी एक जुनी पटाशी आहे. लाकूड तासणं हे माझं काम, आणि टेबलाच्या काठावर पडून दचकत राहणं हे माझं हल्लीचं जगणं.

नायगावच्या एका लोहारानं मला घडवलं. उमेदीची वर्षं मी तिथल्याच ग्यानोबा सुतारांच्या हातात काढली. दारं, चौकटी, पाळणे, जे समोर येईल ते. त्यांची जमीन सारवलेली, वर भुशाचा थर. हातातून सुटले तर मी मऊ मातीत उभी राहायची. ग्यानोबा म्हणायचे, "थकलीस व्हय? ऊठ."

पुढं तेच थकले, आणि मी लातूरला मार्तंडरावांकडे आले. ते पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. हौसेच्या सुतारकामासाठी त्यांनी घराखालचं पार्किंग अडवलं होतं. माणूस प्रेमळ. मला तेल लावायचे, चारचौघांत माझी स्तुती करायचे. पण लाकडाला हात लावण्याआधी त्यांना फरशी हवी होती. जन्मभर टिकणारी. कोणाच्या जन्मभर, हे काही ते बोलले नाहीत.

टाइलचे नमुने घरी आले. आता पारख कशी करायची? मार्तंडरावांनी मला खांद्यापर्यंत उचललं आणि सोडलं. पहिला नमुना फुटला. दुसऱ्याचा टवका उडाला. तिसऱ्यावर ओरखडाही नाही. "पास," ते म्हणाले. माझ्या धारेचा कोपरा उडाला होता, पण परीक्षा माझी नव्हती.

तीच फरशी बसली. गुळगुळीत फरशीवर भुसा सांडतो, प्राध्यापकांचा पाय सरकतो, कोपर मला लागतं आणि मी खाली. धार तुटली की ते मला दगडावर घासतात, आणि दर घासण्याला मी आखूड होते. मुठीबाहेर आता बोटभर पोलाद उरलंय. ते संपलं की मी भंगारात.

मध्यंतरी चाकूरहून त्यांचे मेहुणे व्यंकटराव आले. सोबत गोठ्यात अंथरतात ती रबरी मॅट.

"म्हशी उभ्या राहत्यात हिच्यावर, दाजी. लई आराम हाय."

"अहो, लोक याला गोठा म्हणतील."

"म्हणू द्या की. म्हशींची काही तक्रार न्हाई."

मार्तंडरावांच्या पत्नी सौदामिनीबाईंनी मॅट अंथरली. पण पाहुणे यायचे म्हटले, की मार्तंडराव ती गुंडाळून बाजूला सारायचे. त्यामुळे दारावरची बेल वाजली की मी दचकायचे.

परवा त्यांचे जुने सहकारी अमरनाथ सर आले. मॅट गुंडाळलेली. "काहीही पाडा, फरशीला ढिम्म होत नाही. थांबा, दाखवतो," म्हणत मार्तंडरावांनी मला खांद्यापर्यंत उचललं. बोटं सैल व्हायला लागली. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या सौदामिनीबाईंनी मॅटची गुंडाळी पायानं ढकलली. ती उलगडत आली आणि मी तिच्यावर आडवी झाले.

"आवाज नाही आला," अमरनाथ सर जरा हिरमुसले.

"फरशी कवाच पास झाली," सौदामिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या. "परीक्षा तिची घ्यायलात, आणि दर वेळी नापास व्हायली ही पटाशी."

मार्तंडरावांनी मला उचललं. धार नखावर टेकवून पाहिली. मग मुठीबाहेर उरलेलं पोलाद बोटानं मोजलं. खाली वाकून त्यांनी मॅटची दुमडलेली कड सरळ केली.

मित्रांनो, फरशी टिकाऊच निवडा. फक्त तिच्यावर कोण पडणार आहे, त्यालाही एकदा विचारा.

काल पुन्हा बेल वाजली. मी दचकले. मॅट मात्र जागची हलली नाही.