ओलांडणारे : शून्य

मी एक जुना, सहापदरी रस्ता आहे. जुना म्हणजे… थांबा मित्रांनो, बस जाऊ द्या.

हं. चाळीस वर्षांचा. माझ्या डावीकडे कामगारांची बैठी घरं, उजवीकडे उंच इमारती आणि दवाखाना. फीत कापताना कोणीतरी म्हणालं होतं, "हा रस्ता दोन वस्त्यांना जोडेल." खडी दाबून बसवलेली माझी छाती तेव्हा फुगली होती हो!

पण जोडलं कोणी? दवाखान्यासमोरच्या पांढऱ्या पट्ट्यांनी. डावीकडची शिंपीणताई त्यावरून दिवसातून सहा वेळा जाते-येते. पलीकडे दवाखान्यात तिची आई अंथरुणाला खिळलेली. तिचा डबा, औषध, कूस बदलणं, सगळं हिच्याच हातून.

गेल्या महिन्यात रस्तेखात्याने रहदारी मोजायला माझ्या अंगावर काळ्या रबरी नळ्या टाकल्या. एक मुद्दाम पट्ट्यांच्या मधोमध, दुभाजकातल्या वाटेत. आठवड्याने खांबावर कागद लागला : ओलांडणारे, शून्य. पट्टे पुसून दुभाजकावर जाळी बसवण्यात येईल.

शून्य! मित्रांनो, उकळतं डांबर ओतलं तेव्हाही इतका चटका बसला नव्हता. पुढचे पट्टे दीड किलोमीटरवर, आणि ताईचा एक गुडघा कामातून गेलेला.

तिने मोजणीवाल्याला गाठलं.

"अहो दादा, मी रोज सहा वेळा जाते. शून्य कसं?"

"ताई, नळीला चाक कळतं. पाय नाही कळत."

"मग पाय काय शोभेला दिलेत?"

"माझ्यावर का डाफरता? यंत्र सांगतं ते मी लिहितो. हवं तर अर्ज करा, दोन तास फेरमोजणी होईल. चाकांचीच हं!"

"चाकांचीच ना? बरं."

ट्रक. थांबा.

फेरमोजणीच्या सकाळी डावीकडून इस्त्रीची हातगाडी आली. तान्ह्या बाळांच्या ढकलगाड्या आल्या, तीनचाकी सायकली आल्या. उजवीकडून रखवालदारकाका साहेबांची फिरती खुर्ची ढकलत निघाले.

"काका, खुर्ची कुठे?"

"फिरायला! बसून बसून कंटाळली बिचारी."

चाळीस वर्षं एकमेकांकडे न बघितलेली माणसं माझ्या मधोमध हसत होती. शेवटी ताई आली, दवाखान्याची चाकांची खुर्ची ढकलत. खुर्चीत आई. कितीतरी दिवसांनी उन्हात आलेली.

"अगं हळू, पाडशील!"

"पाडते कशाला? तूच तर मोजली जाणारेस. मी नाही."

मोजणीवाल्याने मान खाली घालून लिहिलं : चाकं, आठशे बारा. पट्टे राहिले. खांबावर नवा कागद लागला : "चाकांची वर्दळ आढळल्याने जाळी रद्द."

चाकांची! ताईचे रोजचे सहा फेरे अजूनही शून्यच.

मित्रांनो, माझे खड्डे नंतर बुजवा. आधी त्या मोजणीच्या तक्त्यात एक रकाना आखा, आणि त्यावर लिहा : माणसं.