अंगठ्यातली पेशी

भिला पाटलांच्या डाव्या अंगठ्याच्या नखावर काळी रेघ उमटली, तेव्हा घरातल्या एकाही माणसानं तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. केळीचे घड कापणाऱ्याचे हात गोरे कसे राहतील? चीक लागला की डाग पडतो आणि तो डाग साबणाला काय, घासलेटलाही दाद देत नाही. रेघ रुंद झाली, नखाच्या मुळाशी कातडीवर उतरली, पुढे नख फाटलं. तरी दोन वर्षं तो केळीचाच डाग होता.

श्रावणात नाशिकला अंगठा काढला. बगलेतली गाठही निघाली. मेलॅनोमा, म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर. भिला, म्हणजे पोरींचे नाना, आणि माय डॉक्टरांसमोर नुसते हात जोडून बसले होते. प्रश्न विचारले ते धाकट्या रोहिणीनं. अकरावी सायन्सची ही पोरगी वही उघडून बसली आणि डॉक्टरांनीही तिला नीट उत्तरं दिली. प्रत्येक पेशीत एक मजकूर असतो, कधी वाढायचं आणि कधी थांबायचं याचा. नखाच्या मुळाशी एका पेशीत त्यातलं एक अक्षर बदललं आणि 'वाढ' हा हुकूम बंदच होईना. पुढे तिच्याच वंशात आणखी चुका झाल्या. थांबवणारा ब्रेक गेला, मग जागा सोडून हिंडायची वाट सापडली. म्हणून अंगठ्यातलं बगलेत. आता नेमकी कोणती अक्षरं बदललीत ते तपासायचं. मेणात जपून ठेवलेला अंगठ्याचा तुकडा मुंबईला पाठवायचा. ठरावीक बदल सापडला तर गोळी आहे, नाही तर दुसरा उपचार. संमतीच्या कागदावर सही करून सोमवारपर्यंत फोटो पाठवा.

आज रविवार होता आणि कागद कोरा होता.

"नही करनं," नाना म्हणाले.

"पण काबरं?" रोहिणीनं विचारलं.

"तूच सांगेल व्हतं ना, जनुकं मायबापकडथीन येतस म्हणीसन? आते त्या कागदवर लिखी देतीन, पाटलासना रक्तमाच खोट शे. मोहिनीनं काय?"

मागच्या वर्षी जेवताना रोहिणीनंच सगळ्यांना बसवून शिकवलं होतं. डोळे, रंग, उंची, सगळं आईबापाकडून. मोठ्या ऐटीत. अर्धाच धडा दिला होता तिनं, आणि त्याच्यावर नाना जीव द्यायला निघाले होते. मोहिनीताईची सोयरीक लोणखेड्याला जुळत आली होती. दिवाळीनंतर साखरपुडा.

"अकरावीमा गई, त्ये लगेच डॉक्टरीण व्हयनी," माय पुटपुटली, पण तिच्या आवाजात टोमण्याची धार नव्हती. मोहिनी चुलीपाशी पाठ करून बसली होती.

नाना उठून मळ्यात गेले. रोहिणी मागोमाग. वाटेत तिनं गुपचूप स्वतःच्या अंगठ्याचं नख बघितलं. हे ती रोजच करत होती, कुणाला न सांगता.

बागेत सगळी झाडं एकसारखी. टिश्यू कल्चरची रोपं, एकाच आईची. फक्त तिसऱ्या ओळीत एक झाड अरुंद पानांचं, खुजं, वेगळंच निघालेलं.

"नाना, हाई झाड आसं काबरं व्हयनं?"

"बिघडनं. हजारमा एखादं बिघडस."

"मग बाकीनी बाग खोटी शे का?"

नानांनी तिच्याकडे बघितलं. तिचा डाव त्यांना कळला होता. "वा, मास्तरीणबाई. पन त्यानं पिल त्यान्हागतच निंघस. ते काय?"

नानांचं बरोबर होतं. बिघडलेल्या झाडाचा कंद लावला तर बिघडलेलंच झाड येतं. ती हळू बोलली. "हो, नाना. त्या पेशीची पिलं तिच्यासारखीच निघाली. तीच बगलेत गेली. पण मी आणि ताई तुमच्या अंगठ्यातून नाही आलो."

ती एकदम शाळेच्या भाषेत गेली होती. घाबरली की ती तशीच बोलायची.

नाना त्या खुज्या झाडाकडे वळले. "पक्कं शे का?"

खोटं बोलणं सोपं होतं. "डॉक्टर 'बहुतेक' म्हणाले. बहुतेक वेळा हा बदल माणूस जगत असताना त्या जागीच होतो, पोरांना जात नाही. शंभर टक्के नाही म्हणाले."

"आन तुले भ्याव वाटस?"

"वाटस," ती म्हणाली.

नानांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. चार बोटांचा.

घरी आल्यावर त्यांनी आधी फोन उचलला. लोणखेड्याला लावला. माय पदर तोंडात धरून दारातच थांबली.

"पाहुणा, भिला बोली ऱ्हायनू. मन्हा अंगठा काढा ना, तो कॅन्सर व्हता. तुमले जखम सांगेल व्हती, ते खोटं व्हतं. आते जनुकासनी तपासणी करनी शे. पोरीसले व्हवाव नही आसं डॉक्टर म्हणस. बहुतेक. तो शब्द मी लपाडस नही. तुम्ही इचार करा."

पलीकडून कोरडं उत्तर आलं, घरात बोलून कळवतो. फोन बंद झाला.

"कळवतीन कधय?" मायनं विचारलं.

"त्यासनी मर्जी. हाई तपासणी थांबाव नही."

नाना कागद घेऊन पाटावर बसले. उजव्या हातात पेन. डावा हात कागदावर ठेवला, पण दाबायला अंगठाच नव्हता. पहिलं अक्षर ओढलं की कागद सरकायचा. रोहिणी पुढे झाली, पण तिच्या आधी मोहिनी चुलीपासून उठून आली. पिठाचे हात तिनं ओढणीला पुसले, नानांच्या शेजारी बसली आणि दोन्ही तळव्यांनी कागद घट्ट दाबून धरला.

"करा सही, नाना," ती म्हणाली.