सात चुली वगळून

सन २००८, माघ महिना. आंबेशेतमध्ये त्या बुधवारी एक नवलच चाललं होतं. दूध संस्थेचा सचिव साईनाथ विशे हातात लटकता काटा घेऊन घरोघरी जात होता आणि बायकांच्या चुलीपुढची लाकडं तोलत होता. आज किती लाकडं आहेत आणि उद्या सकाळी त्यातली किती उरतात, हे त्याला वहीत लिहायचं होतं. शेणव्याच्या बाजारात भाजी तोललेली सगळ्यांनी पाहिली होती, पण घरातलं जळण तोलणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

"भाऊजी, माज्या छातीत किती धूर भरलाय, तो पन तोला की!" शेजारची रंभावहिनी म्हणाली. साईनाथ हसला. मग तिचे लालभडक डोळे त्याला दिसले आणि त्याचं हसू काही टिकलं नाही.

या खटाटोपामागे होत्या कुणालीताई. कल्याणच्या एका संस्थेत त्या इंजिनिअर होत्या. लाकूड जाळून हवेत जाणारा कार्बन कमी करायचा, जंगल राखायचं आणि बायकांची धुरातून सुटका करायची, असा त्यांचा प्रकल्प होता. आंबेशेतात गुरं भरपूर, दूध संस्था नीट चाललेली, म्हणून त्यांनी हे गाव निवडलं. गोबरगॅसची एक मोठी सामाईक टाकी बांधायची आणि नळ्यांनी घरोघर गॅस द्यायचा. पद्धत मात्र त्यांची शाळामास्तरणीसारखी कडक. आधी मोजायचं, मग ठरवायचं, मग बांधायचं, आणि बांधून झाल्यावर पुन्हा मोजायचं.

"अंदाजपंचे काही नको, साईनाथभाऊ," त्यांनी बजावलं होतं. "गावात धूर निघणारी एकही चूल वहीतून सुटता कामा नये."

म्हणून गावातली बावीस घरं संपल्यावर साईनाथ ओहोळ ओलांडून कातकरवाडीत गेला. तिथे सात झोपड्या होत्या, कुडाच्या भिंतींच्या आणि गवताने शाकारलेल्या. काशी दारातच बसली होती. पन्नाशीची बाई, काटक. जंगलातून सुक्या फाट्यांची मोळी आणायची आणि गावात विकायची, हा तिचा जन्माचा उद्योग.

"आमचं जळन मोजून काय करतोस, दादा?" ती म्हणाली. "गावातलं जळन पन आमच्याच डोक्यावरनं येतं. माजं डोकंच मोज, म्हंजे समदं एकदम होईल."

साईनाथला गंमत वाटली. त्याने सात चुली लिहून घेतल्या. बावीस नि सात, एकोणतीस.

कुणालीताईंनी दिलेल्या छापील कागदावर शेवटी एक रकाना होता. 'या कामामुळे कोणाचे नुकसान होणार आहे काय?' साईनाथने अर्धा मिनिट विचार केला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'कोणाचेही नाही.' मोळी विकणाऱ्या बाईने त्याला तासाभरापूर्वी चिडवलं होतं, तरी गाव लाकूड घ्यायचं थांबलं की ती काय खाईल, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. तो वाईट माणूस नव्हता. चांगल्या माणसांनाही अशा वेळी नेमकं हेच सुचत नाही, हे आपलं जुनं दुखणं आहे.

चार दिवसांनी संस्थेच्या खोलीत बैठक भरली. अध्यक्ष महिपतआप्पा. टाकीसाठी स्वतःची जागा त्यांनी एका शब्दावर फुकट दिली होती, तेव्हा त्यांना कोणी कंजूष किंवा आडमुठं म्हणेल तर ते खोटं ठरेल. त्यांनी यादी वाचली आणि खालच्या सात नावांवर बोट ठेवलं.

"ही इथं कशाला?"

त्या बाजूला एक चाल होती. चूल विझली तर शेजारच्या घरून खापरीवर विस्तव आणायचा. कातकऱ्याने मागितला तर त्याच्या खापरीत वरून टाकायचा. त्याच्या चुलीतला विस्तव मात्र गावाने कधी घ्यायचा नाही. काडेपेट्या घरोघर येऊन पन्नास वर्षं झाली, विस्तव मागायला कोणी जात नव्हतं, पण चाल मनातून गेली नव्हती.

"त्यांच्या चुलीचा इस्तव आपन कदी घेतला नाय," आप्पा म्हणाले. "आता एकाच नळीवर त्यांची चूल नि आपली चूल? म्हंजे इस्तव एकच झाला की!"

"आप्पा, नळीतून गॅस जातो, विस्तव नाही," कुणालीताई म्हणाल्या. "आणि तोही टाकीकडून चुलीकडे जातो. त्यांच्याकडून तुमच्याकडे काही येत नाही."

"पानी पन टाकीकडनं नळाकडंच येतं, ताई. तरी त्यांचा नळ येगळाच हाय ना?"

दोघातिघांनी माना डोलावल्या. आपण काय बोललो याची लाज आप्पांना वाटली नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही नाही.

साईनाथला वाटली. तो शहापूरच्या कॉलेजात शिकला होता, विटाळ वगैरे काही नसतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण आप्पांनीच त्याला सचिव केलं होतं, आणि गावात राहायचं तर आप्पांशी वाकडं घेऊन चालत नाही. त्याने घसा खाकरला. "आपण असं करू," तो म्हणाला. "ही सात घरं दुसऱ्या टप्प्यात घेऊ."

खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. नाही म्हणायचं पाप कोणाच्या माथी आलं नाही.

"दुसरा टप्पा कधी?" कुणालीताईंनी विचारलं.

"बघू. पहिला तर होऊ द्या."

पावसाआधी काम उरकायचं म्हणून ताईंच्या वरिष्ठांची घाई चालली होती. ताईंनीही कागदावर तसंच लिहिलं. असे दुसरे टप्पे या देशात किती धूळ खात पडले असतील, ते मोजायला कुठला काटा आणायचा? टाकीपासून कातकरवाडी दोनशे पावलांवर होती. आप्पांचं घर त्याच्या दुप्पट लांब.

वैशाखात गॅस आला. साईनाथच्या बायकोने, पूजाने, पहिल्यांदा शेगडी पेटवली तेव्हा ती निळी ज्योत बघत ती नुसती उभीच राहिली. चहा उतू गेला तरी तिला भान नव्हतं. "डोळ्यांत पानी नाय आलं हो," ती म्हणाली, आणि हे म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

टाकीला रोज शेण लागे. गोठ्यागोठ्यांतून ते उचलायचं, टाकीशी नेऊन पाण्यात कालवायचं आणि आत सोडायचं. गावातल्या कोणाला या कामाची हौस नव्हती. ते काशी आणि वाडीतल्या तिघी बायकांकडे आलं. शेणाला त्यांचा हात लागला तर चालत होतं. गॅस जमला की टाकीवरचं लोखंडी झाकण हळूहळू वर उचललं जाई. ते किती वर आलं यावरून आज गॅस किती, हे काशी लांबूनही सांगायची.

गावाने मोळ्या घेणं बंद केलं. काशीची सून बाईजा पोटुशी होती. तीच मग डोक्यावर मोळी घेऊन खर्डीपलीकडे हमरस्त्यावरच्या धाब्यांपर्यंत जाऊ लागली. सुकं लाकूड सगळं तिकडे जाई. घरात उरे ते ओलं, किडकं.

श्रावणात चार दिवस पाऊस थांबेना. पाचव्या दिवशी पहाटे बाईजा बाळंत झाली. तरीही काशी सकाळच्या कामाला आली, शेण कालवून टाकीत सोडलं आणि उन्हं असती तर डोक्यावर आली असती अशा वेळी साईनाथच्या मागच्या दारी उभी राहिली. हातात ॲल्युमिनियमचा टोप होता, पाण्याने भरलेला.

"दादा, सुनेला पोरगी झाली," ती म्हणाली. "लई बारीक हाय. अंग गार पडत चाललंय. जळन ओलं, पेटतच नाय. एवढं पानी तुज्या गॅसवर तापवून दे. पोरीला शेकते."

पूजाचा हात टोपाकडे गेलासुद्धा. पण पुढच्या ओटीवर महिपतआप्पा चहा पीत बसले होते आणि मधलं दार सताड उघडं होतं. आप्पांनी मान वळवून पाहिलं. साईनाथ मध्ये आला.

"आज गॅस कमी हाय, काशे," तो म्हणाला.

काशीने त्याच्याकडे पाहिलं. "झाकन तं वर आलंय, दादा. सकाळी मीच शेन घातलं."

एवढंच. ती भांडली नाही, रडली नाही. साईनाथने माळ्यावरून चार सुकी लाकडं काढली, काडेपेटी दिली. "हे घे, लगेच पेटेल," तो म्हणाला. आपण अगदीच नाही म्हटलं नाही, असं त्याने मनाला समजावलं. ओटीवर आल्यावर आप्पा म्हणाले, "बरं केलंस."

पावसासाठी झोपडीला सगळीकडून प्लॅस्टिक बांधलेलं होतं. सुकी लाकडं पेटली, पण ती संपली आणि वर ओली घालावी लागली. धूर बाहेर जायला वाट नव्हती. विस्तवाजवळ ठेवावं तर पोर गुदमरत होती, लांब न्यावं तर गार पडत होती. रात्रभर काशी आणि बाईजा तिला या कुशीतून त्या कुशीत घेत राहिल्या. उजाडता उजाडता ती गेली.

ही बातमी पूजाला पाण्याच्या नळावर कळली. घरी येऊन तिने शेगडी पेटवली नाही. "तुमी खोटं बोललात," ती नवऱ्याला म्हणाली, "आनि मी तिथंच उभी होते. माजा हात पुढं गेलेला मी मागं घेतला." त्या दिवशी त्यांच्या घरी कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वाडीतल्या चौघीही कामावर आल्या नाहीत. बोलावणं गेलं, तेव्हा काशीने सांगून पाठवलं, "आमी शेन उचलनार नाय." गोठ्यांत शेण साचलं. ते कोणी उचलायचं यावरून सख्ख्या भावांत तोंडं झाली, पण घमेल्याला हात कोणी लावला नाही. टाकीचं झाकण रोज खाली जात होतं. चौथ्या दिवशी ज्योत इवलीशी झाली, आठव्या दिवशी पेटेना. लोकांनी जुन्या चुली पुन्हा मांडल्या, तर मोळी आणणारंही कोणी नव्हतं. आप्पांच्या घरी माळ्याच्या जुन्या फळ्या फोडून भात शिजवला.

नेमके त्याच आठवड्यात कुणालीताई आणि त्यांचे वरिष्ठ काम पुरं झाल्याच्या कागदावर सही घ्यायला आले. जीपमध्ये एक रंगवलेला फलक होता, 'धूरमुक्त आंबेशेत'. टाकी लवकरच सुरू होईल, थोडी मजुरांची अडचण आहे, असं आप्पांनी सांगितलं. वरिष्ठांनी मान हलवली आणि पेन साईनाथपुढे केलं.

साईनाथने कागद शेवटपर्यंत वाचला. 'गावातील सर्व चुली बंद झाल्या आहेत.'

"साहेब, हे खरं नाही," तो म्हणाला. "चुली एकोणतीस मोजल्या होत्या, मीच मोजल्या. नळी बावीस घरांना गेली. सात घरं दुसऱ्या टप्प्यात टाकली, तीही मीच टाकली. दुसरा टप्पा नव्हताच. मला आप्पांना नाही म्हणायचं धाडस नव्हतं, म्हणून मी तो शब्द काढला."

मग त्याने वही उघडली, तो छापील कागद काढला, 'कोणाचेही नाही' हे आपलंच अक्षर खोडलं आणि खाली लिहिलं, 'बाईजाची मुलगी. वय एक दिवस.' नाव ठेवायला वेळच मिळाला नव्हता, म्हणून नाव लिहिता आलं नाही.

"सायनाथ, सही कर," आप्पा म्हणाले. "नायतर उद्यापासनं तू सचिव नाय."

"नाय तं नाय, आप्पा. पन ही सही माज्याकडनं होनार नाय."

कुणालीताईंनी वरिष्ठांच्या हातातली फाइल बंद केली. "तो टप्पा मीही मान्य केला होता," त्या म्हणाल्या. "आकडा भरायची मलाही घाई होती. ही योजना पुन्हा पहिल्या पानापासून करावी लागेल." फलक जीपमधून उतरलाच नाही.

त्याच दुपारी साईनाथ कातकरवाडीत गेला. बाईजा दारात भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चोळीवर दुधाचे ओले डाग पसरले होते. त्याला तिच्याकडे बघवेना. काशी छपराचं प्लॅस्टिक बांधत होती.

"काशीबाय," तो म्हणाला. या नावाने त्याने तिला आधी कधी हाक मारली नव्हती. "त्या दिशी गॅस होता. मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय."

"सोमवारी ताईंनी संस्थेत मीटिंग लावलीय. सगळं परत ठरवायचं. तू ये. तुमच्या सात घरांचं नि तुमच्या कामाचं, तुमीच सांगा."

काशीने दोरीची गाठ घट्ट ओढली. "येईन. पन मला बसायला कुठं देशील, ते आदी सांग."

"आत. सतरंजीवर. सगळ्यांच्या बरोबर."

"हे हितं सांगू नको, दादा. हितं कोन ऐकनार? गावात जा. आप्पाच्या अंगनात उभा ऱ्हा नि मोठ्यानं सांग."

साईनाथ ओहोळ ओलांडून परतला. स्वतःच्या घरावरून तो पुढे गेला. आप्पा ओटीवर होते, शेजारचे चौघे गप्पांना जमले होते. अंगणाच्या मधोमध उभं राहून त्याने हाक दिली तशी आजूबाजूच्या घरांतली माणसंही दारांत आली.

"आप्पा, सोमवारच्या मीटिंगला काशीबाय येनार हाय. ती आत सतरंजीवर बसनार हाय, माज्या शेजारी."

आप्पा उठले आणि आत निघून गेले. साईनाथ तिथेच उभा राहिला आणि त्याने तेच पुन्हा एकदा, आधीपेक्षा मोठ्याने सांगितलं.