चंदाच्या गोळ्यांचा डबा

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना डबा आहे. झाकणावरचा मोर आता अर्धाच उरला आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पोटात पेपरमिंट होते. ब्रह्मपुरीच्या बाजारात रंजीताने मला मुलांसाठी घेतले. पेपरमिंट संपले, मुले मोठी झाली आणि मी गोळ्यांचा डबा झालो.

रंजीता गावातल्या रोवणीच्या, म्हणजे भाताची रोपे लावणाऱ्या, बायांची म्होरकी. धानाच्या बांधीत, पाणी साचलेल्या खाचरात, दिवसभर वाकून कंबर धरते, म्हणून ती दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणून माझ्यात ठेवी. सकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसून, तिने झाकण उघडले की बाया भोवती जमत. तेव्हा माझा फार मान होता. पांढरी गोळी कंबरेची, लाल गोळी गुडघ्याची, असे त्यांनी आपसातच ठरवून टाकले होते.

सगळ्यांत आधी हात पुढे येई तो चंदाचा, रंजीताच्या धाकट्या जावेचा.

"बाई, मले दोन्ही दे. कंबर अन् गुडघ्याचं भांडण चालू हाय."

"काही खाल्लं का व?"

"जेवून रोवता येते का? वाकलं का भात नाकात येते!"

बाया हसत. भरल्या पोटी वाकवत नाही म्हणून त्या सगळ्याच उपाशी येत आणि तशीच गोळी गिळत.

एका मोसमात चंदाचे पोट जळू लागले. रोवणी अडेल म्हणून ती बोलली नाही. पुढे शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले, तेही तिने लपवले. एका दुपारी ती चिखलातच बसली. तिच्या नवऱ्याने, प्रवीणने, तिला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेले. दाखवायला म्हणून रंजीताने मलाही सोबत घेतले.

डॉक्टरीणबाईंनी माझ्यातल्या गोळ्यांची पाकिटे वाचली. "ही लाल आयबुप्रोफेन, ही पांढरी डायक्लोफेनॅक. दोघी एकाच घरच्या. सूज उतरवतात, दुखणे थांबवतात. ऍस्पिरिनही त्याच घरची. ती काही हृदयरोग्यांना आम्ही थोडीथोडी देतो. औषध वाईट नाही, बाई. पण दोन्ही मिळून, रोज, उपाशीपोटी घेतली तर पोटात जखम होते. मूत्रपिंडही बिघडते."

"रंग तं येगळा होता न, मॅडम," रंजीता एवढेच बोलली.

चंदाला रक्त चढवले. पण जखम फार खोल गेली होती. ती घरी परतली नाही.

तेव्हापासून मी फळीवर मागे पडलो आहे. अंगावर गंज चढतो आहे. यंदाची रोवणी झाली त्या संध्याकाळी रंजीता प्रवीणला सांगत होती, "रांगेत तिची जागा मोकळी ठेवली होती मी, भाऊजी. पण बाजूच्या दोघी सरकल्याच. रोवणी थांबत नाई न."

प्रवीणने पुढचे ताट बाजूला सारले.

मित्रांनो, मला कोणी विचारत नाही याचे मला दुःख नाही. दुखणाऱ्या माणसाला मात्र जरूर विचारा. कोणती गोळी, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून समजून घ्या. आणि तुमची आई कामाच्या घाईत काही न खाता गोळी तोंडात टाकत असेल, तर तिचा हात धरा. तिला आधी जेवू घाला आणि कुठे दुखते ते सगळे बोलू द्या.