आक्कांचा शेवटचा फोटो, यंदाचा

आक्कांनी डबीतून कवळी काढली, तोंडात बसवली, जबडा उजवीकडे-डावीकडे फिरवून पाहिला आणि जाहीर केलं,

"हं. काढा आता शेवटचा फोटो."

आक्कांचा शेवटचा फोटो दरवर्षी निघत असे. आपण गेल्यावर भिंतीवर कुठला फोटो लागणार, याची त्यांना फार धास्ती होती. पोरांवर सोपवलं तर ती कुठल्या तरी लग्नातला, तोंडात घास असलेला फोटो लावून मोकळी होतील, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. म्हणून प्रकृती ठणठणीत असताना त्या दरवर्षी धाकट्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, स्टुडिओत येत, फोटो काढून घेत आणि वर्षभर त्याला नावं ठेवून तो बाद करत. एकात त्या रागावलेल्या दिसत होत्या. एकात मान कोंबडीसारखी आली होती. गेल्या वर्षीचा तर त्यांनी पाकिटातून काढल्या काढल्या परत केला होता.

"यात मी मेल्यासारखी दिसते," असं म्हणाल्या होत्या.

यंदा स्टुडिओत दोन कॅमेरे होते. एक दादांचा, तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवलेला. जाडजूड, काळा, मुठीवरचं रबर सुटून आलेलं म्हणून चिकटपट्टी लावलेला. दुसरा टेबलावर, दादांच्या लेकीनं पाठवलेला, अजून पेटीचा वास न गेलेला.

"हा?" आक्कांनी भुवया उंचावल्या. "हा तर साबणाच्या डबीएवढा आहे."

"मिररलेस म्हणतात त्याला," दादांच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या. "आत आरसा नसतो."

"आणि माझ्यात आहे," दादा म्हणाले. जणू आरसा त्यांच्याच पोटात बसवलेला होता. "भिंगातून आलेला उजेड आरशावरून थेट डोळ्यात. समोर माणूस आहे तर माणूसच दिसतो. याच्यात डोळा लावला की आत एवढासा टीव्ही. मी फोटो काढायचा का मालिका बघायची?"

"पण तो समोरच्याचा डोळा शोधतो आणि आपोआप फोकस लावतो."

"मला कधी डोळा सापडला नाही असं झालंय?"

झालं होतं. बरेचदा झालं होतं.

सगळी गल्ली त्या दोघांना दादा-वहिनी म्हणायची. बाहेरच्या खोलीत दादा फोटो काढत, आतल्या खोलीत वहिनी कॉम्प्युटरवर ते नीटनेटके करून छापत. फोकस हातानं लावायचा, हा दादांचा बाणा होता. भिंग त्यांनी रिळांच्या जमान्यापासून जपलेलं, आणि त्यावरची कडी फिरवताना त्यांची बोटं कशी अलगद थांबतात, हे बघायला एके काळी शिकाऊ फोटोग्राफर येऊन उभे राहत. काढलेला फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर तपासून बघणं त्यांना कमीपणाचं वाटे. "नेम लागला की नाही ते नेमबाजाला कळतं," असं ते म्हणत.

गेले कित्येक महिने नेम चुकत होता. कधी नाकाऐवजी कान स्पष्ट यायचा, कधी माणसाऐवजी खुर्ची. वहिनी कॉम्प्युटरवर बसून पापण्या कोरत, भुवया ठळक करत, निभावून नेत. पण एका नव्या जोडप्याच्या फोटोत मागच्या पडद्याची वीण न् वीण मोजता येत होती आणि नवरा-बायको धुक्यात हरवले होते. तिथे कोरायलाही काही उरलं नव्हतं. वहिनींनी कॉम्प्युटर बिघडला, फोटो गेले, अशी थाप मारून त्यांना परत बोलावलं. "वहिनी, तेवढा कॉम्प्युटर बदला हो," असं ती पोरं हसत म्हणाली, तेही ऐकून घेतलं.

डोळे दाखवून या म्हटलं की दादा वर्तमानपत्र उचलत आणि चष्म्याशिवाय खणखणीत आवाजात वाचून दाखवत. "तूच दिवसभर चष्मा शोधत फिरतेस," असं वर ऐकवत. वहिनी स्वतःचा चष्मा बदलायला गेल्या तेव्हा त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना सहज विचारलं होतं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू धरताना काहींना जवळचं उलट छान दिसायला लागतं, लांबचं जातं. हे सगळं वहिनींना कळत होतं, पण सांगायचं कसं ते कळत नव्हतं. तुम्ही घोरता, तुम्ही भाषण फार लांबवता, तुमच्या भावाला अक्कल नाही, हे त्या बिनदिक्कत बोलत. तुमचे फोटो अस्पष्ट येतात, हे एवढं मात्र त्यांच्या जिभेवर यायचं नाही. त्यांनी लेकीला गुपचूप फोन करून कॅमेरा मागवला आणि नवऱ्याला सांगितलं, पोरीनं हौसेनं पाठवलाय.

पैज दादांनीच लावली. आक्काचा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांनी काढायचा, जुन्यानं मी, नव्यानं तू. फोटोमागे काढणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, आणि कॉम्प्युटरचा हात दोन्हीपैकी एकालाही लागता कामा नये. जसा निघेल तसा छापायचा. ही शेवटची अट ऐकून वहिनींना वाटलं, आता कोरून निभावता येणार नाही. आणि त्याच वेळी, कागदच बोलेल, आपल्याला बोलावं लागणार नाही, असंही वाटून गेलं. असं वाटल्याची त्यांना लाज वाटली.

"चला," दादा म्हणाले. दोन्ही बाजूंचे मोठे दिवे लागले. त्यांनी आक्कांची शाल सारखी केली, हनुवटी बोटभर वर घेतली, कॅमेऱ्याला डोळा लावला, कडी फिरवली. "श्वास रोख, आक्का."

खटॅक!

सगळ्या खोलीला ऐकू जाईल असा आवाज झाला. आक्कांनी भस्सकन श्वास सोडला, खांदे खाली आले, आणि त्या भावाकडे बघून म्हणाल्या, "बाळ्या, वाळलायस रे. नीट जेवतोस ना?"

खटॅक!

हीच दादांची रीत. पहिला खटका गिऱ्हाइकासाठी. त्यासाठी माणूस तोंड तयार करून बसतो. झालं म्हणून तो सैल पडला, की दुसरा खटका. छापायचा तो दुसराच. आजवर हे एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नव्हतं. आक्कांच्या तर नाहीच.

मग वहिनी नवा कॅमेरा घेऊन उभ्या राहिल्या. आत डोळा लावताच आक्कांच्या उजव्या डोळ्यावर एक छोटा चौकोन येऊन बसला आणि तिथून हलेना. वहिनींनी बटण दाबलं. मग पुन्हा, आणखी एकदा. कुठे काही वाजलं नाही.

आक्का श्वास रोखून बसल्या होत्या. गाल फुगले, चेहरा लाल झाला, कपाळावर शीर उठली.

"आक्का, झालं," वहिनी घाईनं म्हणाल्या. "सोडा श्वास!"

"झालं?" आक्का धापा टाकत म्हणाल्या. "आवाज कुठे आला?"

"याला आवाज नसतो."

"म्हणजे मी अशीच बसून राहिले असते तर शेवटचाच फोटो झाला असता की माझा!"

दादांना इतकं बरं वाटलं की त्यांनी स्वतः उठून तिघांसाठी चहा सांगितला.

आतल्या खोलीत वहिनींनी दोन्ही फोटो कशालाही हात न लावता छापले. कागद बाहेर येताना त्या बघत राहिल्या. मग ते दोन्ही बाहेरच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

दादांनी एक फोटो उचलला, नाकाजवळ नेला. मग दुसरा. आणि जोरात हसले.

"हा बघ माझा! पापणी न् पापणी मोजून घे. आणि ही तुझी साबणाची डबी. फोकस गेलाय कानावर, तोंड सगळं पिठात घातल्यासारखं. म्हणे डोळा शोधतो!"

त्यांनी उजव्या हातात धरलेला, पापणी न् पापणी दिसणारा फोटो नव्या कॅमेऱ्याचा होता. दादा रंगात आले होते. यंत्राला कान आणि डोळा यांतला फरक कसा कळणार, माणसाच्या बोटाला कळतं, हे त्यांनी नाना प्रकारे समजावून सांगितलं. लेकीला कळवायला हवं म्हणाले, बिचारी फसली.

"आण इकडे," आक्का म्हणाल्या.

त्यांनी आधी स्पष्ट फोटो पाहिला. "ही कोण बाई?"

"तूच आहेस, आक्का."

"काहीतरीच. हिच्या हनुवटीला केस आहे." फोटो टेबलावर पालथा पडला. मग त्यांनी दुसरा उचलला आणि उजेडाकडे धरला. त्यांचा आवाज मऊ झाला. "ही मी. बघ, सुरकुत्या कशा गेल्यात. नवा कॅमेरा चांगला आहे रे. यापुढे मला हाच."

"अगं, त्यातला फोकस गेलाय!"

"गेला तर जाऊ दे. मी तरी कुठे राहणार आहे?"

"आक्का, फोटोग्राफीत याला चूक म्हणतात!" दादांनी तो फोटो त्यांच्या हातातून घेतला. "इथे बघ, हा गाल. याची कड कुठे संपते सांग मला. आणि हे ओठ..."

त्यांचं बोट ओठांवर थांबलं.

फोटोतल्या आक्कांचे ओठ जरासे विलग होते, खांदे सैल, मान किंचित पुढे आलेली. त्या कॅमेऱ्याकडे बघतच नव्हत्या. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघत होत्या, मोठी बहीण धाकट्या भावाकडे बघते तशा. दादांनी पालथा पडलेला फोटो उलटला. त्यातल्या आक्का गाल फुगवून, श्वास रोखून, कधीच न येणाऱ्या आवाजाची वाट बघत होत्या.

ते दोन्ही फोटोंकडे आळीपाळीनं बघत राहिले. वहिनींना त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना, आणि नजरही काढवेना.

"आक्का," दादांनी विचारलं, "हा काढताना तू मला वाळलायस म्हणत होतीस?"

"म्हणाले असेन. वाळलायसच तू."

"हं." दादांनी अस्पष्ट फोटो स्वतःच्या हातानं पाकिटात घातला, कोपरा दुमडणार नाही असा. "बरोबर आहे तुझं. नव्या कॅमेऱ्याचा छान आलाय."

आक्का कवळी डबीत घालून, पाकीट छातीशी धरून गेल्या. दादांनी एक दिवा विझवला, मग दुसरा. खिडकीच्या उजेडात जुन्या कॅमेऱ्याचं भिंग पुसत त्यांनी मागे न वळता विचारलं,

"कधीपासून?"

कसलं कधीपासून, असं वहिनींना विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नाही.

"त्या नव्या जोडप्याच्या बऱ्याच आधीपासून."

"तेव्हा कॉम्प्युटर बिघडला म्हणाली होतीस."

"हो."

"म्हणजे तो ठीक आहे."

"अगदी उत्तम चालतोय."

"चला, घरात एक तरी धड आहे," दादा म्हणाले, आणि वहिनींना हसू यायच्या आधी रडूच कोसळलं. दादांना रडणाऱ्या माणसापुढे काही सुचत नसे. त्यांनी भिंग पुसायचं फडकं पुढे केलं. ते भिंगाचं आहे हे लक्षात आल्यावर मागे घेतलं. मग असू दे म्हणून पुन्हा पुढे केलं.

"मला सांगायचंस तरी," ते म्हणाले.

"कशी सांगू? तुम्हाला सगळं सांगता येतं हो. हे नाही येत."

दादा बराच वेळ चिकटपट्टीचं सुटलेलं टोक दाबत बसले. "डॉक्टरीणबाई सकाळी असतात का?"

"असतात."

"उद्या दुकान उशिरा उघडू मग."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनींनी डोळे पुसत उचलला, बराच वेळ "हो आक्का", "हो हो" केलं आणि ठेवला.

"आक्कांनी घरी जाता जाता बागेत फोटो दाखवला. फिरायला येणाऱ्या सगळ्या मैत्रिणींना तसाच हवाय. उद्या सकाळी येतायत. नव्या कॅमेऱ्यानं, आणि तस्साच."

दादा सावध झाले. "तस्साच?"

"सुरकुत्या नकोत म्हणाल्या."

दादांनी हिशेबी माणसासारखा चेहरा केला. "मग डॉक्टरीणबाईंकडे परवा जाऊ. आधी या बायका उरकून घेतो. एकदा डोळे सुधारले की हा माल पुन्हा निघायचा नाही."

"मुळीच नाही! सकाळी डॉक्टर. त्यांना संध्याकाळी यायला सांगते."

दादांनी नवा कॅमेरा उचलला, उलटासुलटा करून पाहिला. "याच्यात मुद्दाम चुकवता येतो का गं फोकस?"

"येतो की. आपोआपचं बंद करायचं आणि हातानं लावायचा."

"हातानं लावता येतो?" दादांचा चेहरा दिवसभरात पहिल्यांदा खराखुरा उजळला. "हे आधी का नाही सांगितलंस? दाखव, कुठलं बटण?"

त्यांनी पट्टा गळ्यात अडकवला. वहिनींनी त्यांचं बोट धरून बटणावर नेलं, मग जराशा थांबल्या आणि ते बोट तिथून उचललं.

"चुकवायचं नंतर शिका," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही दिवे पुन्हा लावले आणि आक्कांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. इतक्या वर्षांत त्या खुर्चीत बसायची त्यांच्यावर वेळच आली नव्हती. हात कुठे ठेवायचे ते कळेना. "आधी माझा काढा. न चुकवता."

दादांनी कॅमेरा डोळ्याला लावला. आतला टीव्ही उजळला, छोटा चौकोन भिरभिरला आणि एका जागी जाऊन बसला. दादा बघत राहिले. बटण दाबायचं राहूनच गेलं.

"काय झालं?" वहिनींनी विचारलं.

"काही नाही. अगं, याच्यात सुरकुत्या दिसतायत."

"दिसू द्यात," वहिनी म्हणाल्या.